“मावशी, अगं ते सटायर आहे!” – जीटीए ५, बायका आणि संदर्भ

सई_सातारकर (धागालेखिका)

दिवाळीत बहिणीकडे होते. भाचा अकरावीत. फराळाची ताटली घेऊन त्याच्या खोलीत गेले तर पडद्यावर व्हॅनिला युनिकॉर्न. जीटीए ५, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा गेम, खेळलेल्यांना कळलं असेलच. बाकीच्यांसाठी, तो त्या गेममधला स्ट्रिप क्लब. भाचा हडबडला, गेम थांबवला आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, “मावशी, अगं ते सटायर आहे. सगळ्यांचीच उडवलीय त्यात.”

ताटली ठेवून बाहेर आले. गेम मोठ्यांसाठीचा आहे हे त्यालाही ठाऊक आहे आणि बहिणीलाही. ते माय-लेक बघून घेतील, त्यावर इथे प्रवचनं नकोत. मला खटकलं ते वेगळंच. ‘सटायर’, म्हणजे व्यंग, हा शब्द त्याने असा काही पुढे केला, जणू ट्रॅफिक हवालदाराला पीयूसीचा कागद दाखवतोय.

मी या खेळांना नाकं मुरडणारी मावशी नाही. साताऱ्यात बारावीच्या सुट्टीत सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून व्हाईस सिटी, जीटीएचाच जुना भाग, खेळलेय. चीट कोडची चिठ्ठी कंपासपेटीत असायची. तर परत आल्यावर जीटीए ५ विकत घेतला आणि दोन महिने, रात्रीची भांडी आवरून झाली की, खेळले.

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. गेममधलं शहर लॉस सँटोस ही लॉस एंजेलिसची खोचक नक्कल आहे. लाइफइन्व्हेडर म्हणजे फेसबुक, वीझल न्यूज म्हणजे फॉक्स. रेडिओवरच्या जाहिराती ऐकत मी कितीदा तरी गाडी नुसतीच फिरवत बसले. गेमचा एक नायक मायकेल पैसे देऊन मानसोपचारतज्ज्ञापुढे रडतो आणि तो तज्ज्ञ घड्याळ बघतो. त्याचा मुलगा जिमी दिवसभर हेडसेट लावून गेम खेळत अनोळखी लोकांना घाण शिव्या देतो, म्हणजे गेम खेळणाऱ्यांचीसुद्धा सालं काढलीयत. २०१३ मध्ये गेम आला तेव्हा त्याच्या लेखकांपैकी एक, डॅन हाउझरने मुलाखतीत सांगितलं होतं की मर्दपणा हाच या कथेचा गाभा आहे, म्हणून तिन्ही नायक (मायकेल, फ्रँकलिन, ट्रेव्हर) पुरुष. ठीक आहे. मर्दपणाची टिंगल करायला पुरुष पात्रंच लागणार.

आता बायका बघा. मायकेलची बायको अमांडा: नवऱ्याचे पैसे उडवते, टेनिस शिकवणाऱ्याबरोबर सापडते. मुलगी ट्रेसी: टीव्हीवर झळकण्यासाठी काहीही करेल. फ्रँकलिनची मावशी डेनिस: बायकांची टोळी घेऊन स्त्रीशक्तीच्या घोषणा देत रस्त्याने फिरते. वकील मॉली: विमानाच्या इंजिनात खेचली जाऊन मरते. टिंगल यांचीही आहे, नाही कोण म्हणतं? पण मायकेलची टिंगल होते तेव्हा मी मायकेल असते. त्याचा पस्तावा, त्याची चिडचिड, घरच्या पूलकाठी एकट्याने सिगार ओढणं, सगळं माझ्या हातात. अमांडाची टिंगल मात्र मी कायम बाहेरून, मायकेलच्या डोळ्यांनी बघते. एकदाही तिच्या बाजूने नाही. ‘सगळ्यांचीच उडवलीय’ हे खरं, पण निम्म्यांना घरात बसवून उडवलीय आणि निम्म्यांना दारात उभं करून.

आणि तो क्लब. तिथे खासगी नाचाच्या वेळी बाईला हात लावायला मनाई आहे. बाउन्सर फेऱ्या मारतो. त्याने बघितलं तर तुम्ही बाहेर. त्याचं लक्ष नसताना हात लावला तर? पडद्यावर तिच्या ‘आवडी’ची पट्टी भरत जाते. पुरेशी भरली की ती तुमच्याबरोबर घरी यायला तयार. यात विनोद कुणावर आहे हे मला दोन महिन्यांत सापडलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर सांगा, मनापासून विचारतेय.

बंड्या_लोडिंग

झालं, आता गेमवर पण बायकांच्या खुर्च्या राखीव. ताई, त्याच गेममध्ये मी पोलीस मारतो, म्हातारे मारतो, एकदा गाईवर जीप घातली. तेव्हा कुणी धागा काढला नाही. पुरुष मेले तर तो गेम आणि बाई मेली तर तो समाज, असं कसं?

अवली_कार्टं

जागा पकडून बसलोय. पॉपकॉर्न कुणी आणलेत?

सई_सातारकर (धागालेखिका)

बंड्या, मारण्याबद्दल मी चकार शब्द लिहिला नाही. परत वाच. तू पोलिसाला मारलंस की पोलीस मागावर असल्याच्या चांदण्या लागतात, हेलिकॉप्टर मागे लागतं. गेम म्हणतो, गुन्हा केलास, आता पळ. क्लबात मात्र पकडला गेलास तरच गुन्हा, नाहीतर बक्षीस. फरक तिथे आहे.

जुना_टेस्टर

पुण्यात काही वर्षं मोबाइल गेम्सचं टेस्टिंग केलंय, त्यामुळे थोडं धंद्याच्या बाजूने.

सईताईंनी नेमकं बोट ठेवलंय, फक्त त्याला नाव दिलं नाही. सिनेमात संदर्भ म्हणजे आधीचा आणि नंतरचा सीन. गेममध्ये संदर्भ म्हणजे नियम. काय केलं की काय मिळतं, काय जातं. पात्रं तोंडाने काहीही बोलोत, खेळणाऱ्याच्या बोटांना कळते ती नियमांची भाषा. आम्ही बग, म्हणजे गेममधल्या चुका, लिहायचो तेव्हासुद्धा संवाद कुणी वाचत नसे, सगळं ‘हे दाबलं तर ते होतं’ याच भाषेत.

एक जुनं उदाहरण देतो. १९८७ चा लेझर सूट लॅरी. सिएरा कंपनीचा, अल लो याने केलेला. वरवर बघता जीटीएपेक्षा आचरट. चाळिशीचा, टक्कल पडत चाललेला, पांढऱ्या पॉलिएस्टर सुटातला माणूस बायका पटवायला निघालाय, संपला गेम. पण नियम बघा. लॅरी वेश्येकडे निरोध न वापरता गेला तर मरतो. रस्ता ओलांडायला गेला तरी मरतो. बायका त्याला लुबाडतात, बांधून ठेवून निघून जातात. गेममधला प्रत्येक नियम लॅरीच्या कानाखाली एक आवाज काढतो. खेळणारा लॅरी असतो आणि हसूही लॅरीवरच येतं. त्यात बायकांचं चित्रण फार थोर आहे असं मी म्हणत नाही, पण विनोदाचा पत्ता बरोबर लिहिलेला आहे.

सुरुवातीला वय तपासायला गेम अमेरिकेतले सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचा. मोठ्या माणसालाच उत्तरं येतील म्हणून. आम्हाला अठरा पूर्ण झाल्यावरही येत नव्हती.

उलट टोक म्हणजे ड्यूक न्यूकेम हा गेमनायक. १९९६ मध्ये तो ऐंशीच्या दशकातल्या दंडवाल्या नायकांची नक्कल म्हणून चालून गेला. २०११ मध्ये ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर आला, चौदा वर्षं रखडून. त्यात अनेकांनी मिळून खेळायचा एक प्रकार होता, समोरच्या संघाचा झेंडा पळवण्याऐवजी बाई पळवायची. खांद्यावर घेतलेली बाई घाबरून तुमच्या डोळ्यांवर हात ठेवते, मग तिला चापट मारायची की ती हात काढते. ‘ही ड्यूकची टिंगल आहे’ म्हणणारे तेव्हाही होते. पण त्या चापटीत ड्यूकचं काय वाकडं झालं?

मेलबर्नची_मीनल

ऑस्ट्रेलियातून लिहितेय, कारण हे रामायण इथे २०१४ च्या डिसेंबरात झालं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या काही बायकांनी याचिका केली, ४० हजारांच्या वर सह्या झाल्या आणि टार्गेट व केमार्ट या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी जीटीए ५ फळीवरून उतरवला. त्याच्या आदल्याच महिन्यात नव्या कन्सोलवरची आवृत्ती आली होती, ज्यात सगळं पात्राच्या डोळ्यांतून बघायची सोय होती. म्हणजे मार खाणारं माणूस थेट समोर.

लगेच कुणीतरी उलट याचिका काढली की मग बायबलही दुकानातून काढा, त्यात कमी हिंसा आहे का? तिलाही भरपूर सह्या. (हे व्यंग मात्र मला आवडलं होतं.)

मी तेव्हा दुकानांच्या निर्णयाच्या विरुद्ध होते, आजही आहे. १८ वर्षांवरच्यांसाठीचा दर्जा गेम्सना इथे २०१३ च्या जानेवारीत मिळाला. त्याआधी जे त्यात बसेल ते नामंजूर व्हायचं. एवढ्या वर्षांनी मिळालेली मुभा, आणि मोठ्यांच्या गेमवरून मोठ्यांनाच अडवायचं हे पटलं नाही. शिवाय याचिकेत मांडणी अशी होती की बायकांना मारणं हाच जणू खेळाचा उद्देश. तसं नाहीये. तशी एकही मोहीम नाही. बंड्या म्हणतो तसं कुणालाही मारता येतं.

पण सई जे म्हणतेय ते त्या याचिकेपेक्षा अवघड आहे. हिंसा बाजूला राहू दे, विनोद कुणाच्या खर्चाने, एवढंच ती विचारतेय. त्यावर दुकानातून गेम काढणं हे उत्तरच नाही.

बंड्या_लोडिंग

मीनलताई, तुम्ही माझ्या बाजूने आहात की नाही तेच कळेना.

मेलबर्नची_मीनल

मलाही. बावीस वर्षं संसार केला की सवय होते.

कोल्हापुरी_खर्डा

मी काय म्हणतो, त्या छळाच्या मोहिमेबद्दल कोणच कसं बोलंना? ‘बाय द बुक’ नावाची, जीटीए ५ मधली.

ज्यास्नी म्हाईत नाही त्यांच्यासाठी: सरकारी एजन्सीचा मानूस ट्रेव्हरला एका बांधलेल्या मानसाचा छळ करायला लावतो. पक्कड, पाना, पानी, करंट. आनि बटनं तुमीच दाबायची. पक्कडीनं दात उपटायचा तर कंट्रोलरची काडी फिरवून फिरवून. मी तिथं गेम ठिवला आनि भाईर जाऊन च्या पिऊन आलो. खोटं न्हाई सांगत. इंग्लंडात छळग्रस्तांसाठी काम करनाऱ्या फ्रीडम फ्रॉम टॉर्चर या संस्थेनं लई टीका केली त्यावर.

पन फुडं काय हुतं? ट्रेव्हर त्या मानसाला मारत न्हाई, विमानतळावर सोडून येतो. आनि गाडीत त्याला सांगतो की छळानं म्हाईती मिळत न्हाई, छळ हा करनाऱ्याच्या मजेसाठी असतो. म्हंजी ज्या हातानं तुमी दात उपटला त्याच हाताला गेम इचारतो, बरं वाटलं का? ह्येला म्हनायचं व्यंग. अमेरिकेच्या सरकारला हानलंय आनि माझ्याच हातानं हानलंय. माझ्या गालावर.

तवा ह्या लोकास्नी येत न्हाई असं न्हाई. झ्याक येतंय. बायकांच्या बाबतीत गाडीतलं त्ये भाषान कुठं बी न्हाई, येवडंच.

सई_सातारकर (धागालेखिका)

खर्डादादा, दंडवत. दोन महिन्यांत जे मला नीट सांगता येत नव्हतं ते तुम्ही चहा पिता पिता सांगितलंत.

अमृता_ज

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

एजंट_सत्तेचाळीस

माझ्या नावावरून कळलं असेल मी कुठल्या गोटातला (एजंट ४७ हा हिटमॅन गेम्समधला भाडोत्री मारेकरी). सईताईंचं म्हणणं मला बरंचसं पटतं, पण ‘नियम म्हणजे संदर्भ’ हे एकदा मान्य केलं तर ते दोन्ही बाजूंनी लावायला हवं, आणि तिथे टीकाकारांनी गडबड केलीय.

२०१४ मध्ये गेममधल्या बायकांच्या चित्रणावर टीका करणाऱ्या अनिता सर्कीजियनने तिच्या व्हिडिओमालिकेत हिटमॅन अॅब्सोल्यूशनमधला एक तुकडा दाखवला. क्लबातल्या नर्तकींना मारून त्यांची कलेवरं ओढत न्यायची, आणि गेम हे करायचं आमंत्रण देतो असा तिचा मुद्दा. पण त्या गेममध्ये निरपराध माणसाला मारलं की गुण कापले जातात! गेम शिकवतो की कुणालाही न दुखावता, कुणाला न दिसता निघून जा. शिवाय त्या मेकअपच्या खोलीत थांबून कान दिलात तर त्या बायका मालकाच्या जाचाबद्दल बोलताना ऐकू येतात, म्हणजे ज्याला मारायला मी आलोय तो कसा माणूस आहे ते कळतं. हा सगळा संदर्भ कापून तुकडा दाखवला तर ती टीका राहत नाही.

त्यानंतर तिला जे भोगावं लागलं त्याचं समर्थन नाही, हे आधीच लिहितो, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात माझी काशी होईल. त्याच वर्षी ऑक्टोबरात युटाच्या विद्यापीठात तिचं भाषण होतं. गोळीबाराची धमकी आली, आणि त्या राज्याच्या कायद्यामुळे परवानाधारकांना शस्त्र आणायला बंदी घालता येत नव्हती, म्हणून तिने भाषण रद्द केलं. मुद्दा चुकला म्हणून जिवावर उठायचं, हा कुठला न्याय.

जुना_टेस्टर

एजंटराव, गुण कापले जातात हे खरं. पण त्या गेममध्ये गुणांकडे बघतो कोण? पहिल्यांदा खेळताना मी तरी धडपडत दार शोधत होतो. दंड आहे, पण तो मोहीम संपल्यावर आकड्यांच्या कोष्टकात. प्रेत ओढण्याची हालचाल मात्र तिथल्या तिथे, हातात. नियमांचंही वजन सारखं नसतं.

तरी तुमचा मूळ मुद्दा मान्य. बंड्याच्या बोटांनी काय केलं यावरून गेमचा निवाडा करायचा नाही. गेमने कशाला शाबासकी दिली ते बघायचं.

एजंट_सत्तेचाळीस

हे चालेल. आणि या कसोटीवर व्हॅनिला युनिकॉर्न नापास होतो, हेही मान्य. कडू गोळी.

निशाचर_निमा

आजचा दिवस माझा वाचण्यातच गेला, ऑफिसचं काम तसंच पडलंय.

एक भर घालते, कारण ‘संदर्भात बघा’ हे कधीकधी खरंही असतं. सायबरपंक २०७७ यायच्या आधी, २०१९ मध्ये, त्यातल्या एका शीतपेयाच्या जाहिरातीवरून वाद झाला. भिंतीवरच्या पोस्टरवर एक ट्रान्स बाई, तिच्या शरीराचाच माल केलेला. ते चित्र काढणारी कलावंत स्वतः बाई. तिचं म्हणणं असं की भविष्यातल्या कंपन्या माणसाचं शरीर कसं विकायला काढतील हेच दाखवायचंय, पोस्टर ओंगळ वाटलं पाहिजे. मला पटलं होतं. २०२० च्या डिसेंबरात गेम आला, खेळले. पोस्टर जिथे तिथे. पण कथेत त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. भिंतीवर टोमणा मारून ठेवला आणि घरात त्याची आठवणच नाही. म्हणजे हेतू खरा, तरी पोचला नाही. असंही होतं.

उलट जीटीए ५ मध्येच बघा, एका नाइटक्लबबाहेर ट्रान्स बायकांची जी ओंगळवाणी पात्रं उभी असायची ती २०२२ च्या नव्या आवृत्तीतून गुपचूप गायब झाली. गेमचं त्यावाचून काहीही अडलं नाही. व्यंगाचा खांब असता तर काढल्यावर छप्पर थोडं तरी हललं असतं ना?

बंड्या_लोडिंग

निमा, हा मुद्दा चांगलाय. मी ती पात्रं गेल्याचं आत्ता तुझ्याकडून ऐकतोय. शेकडो तास खेळून.

पण पॅट्रिशियाचं काय? तिला तुम्ही कुणीच मोजलं नाही. माफिया बॉसची बायको, ट्रेव्हर तिला पळवतो आणि तिच्या पायाशी कुत्र्यासारखा बसतो. साऱ्या गेममध्ये त्याला माणसात आणणारी ती एकटी.

सई_सातारकर (धागालेखिका)

पॅट्रिशियाला मीही मानते. तिचे संवाद ऐकताना मला माझी आजी आठवली, तसाच जीव लावणारा आवाज. पण बंड्या, तूच लिहिलंस ना, ‘तिला पळवतो’. ती ट्रेव्हरला माणसात आणते हे आपल्याला दिसतं. तिला घरी परत जावंसं वाटत होतं का, हे कुणी विचारत नाही. चांगली बाई लिहिली तीही ट्रेव्हरच्या औषधापुरती.

कोल्हापुरी_खर्डा

बंड्या हळूहळू आमच्या ताटात जेवाय लागला.

गेमरची_आई

मी गेम खेळत नाही, मुलगी खेळते. ती कॅरोलिन पेटिट नावाच्या समीक्षिकेबद्दल सांगत होती. जीटीए ५ ला तिने दहापैकी नऊ गुण दिले आणि त्याच परीक्षणात लिहिलं की गेममध्ये स्त्रीद्वेष आहे. एवढ्यावर लोकांनी तिला नोकरीवरून काढा म्हणून याचिका केली म्हणे. दहापैकी नऊ! माझ्या मुलीला गणितात दहापैकी नऊ पडले असते तर मी पेढे वाटले असते.

एजंट_सत्तेचाळीस

काकू, खरंय ते. त्या वेळी प्रतिक्रिया वाचून गेमर म्हणवून घ्यायची लाज वाटली होती. गंमत म्हणजे गेमने ज्या जिमीची टिंगल केली, तसले सगळे जिमी तिच्याच दारात जमले.

निशाचर_निमा

अवांतर: बाई नायिका असलेलं काहीतरी भाच्याला द्यायचं असेल तर राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये केलेला. लहान भावाला सोडवायला निघालेली मुलगी. मारामारी फार खोल नाही, पण जयपूरसारखे महाल बघत राहावेत.

सई_सातारकर (धागालेखिका)

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), राजी त्याने आधीच खेळलाय. “चांगलाय, पण छोटाय” असा निकाल.

काल त्याला फोन केला. हा धागा वाचून दाखवला नाही, घाबरू नका. नुसतं विचारलं, त्या क्लबात नक्की काय करायचं असतं रे, मला ती पट्टी भरायला जमत नाही. आधी खूप लाजला, मग त्याच्यातला गेमर जागा झाला आणि मास्तरकी सुरू. हात कधी लावायचा, कधी काढायचा, बाउन्सर कोणत्या बाजूने येतो, किती सेकंद थांबतो. सगळं पाठ.

मी विचारलं, आणि ती नाचत असते ती? कशी नाचते?

जरा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाला, “मावशी, तिच्याकडे बघायला वेळच नसतो गं. सारखं बाउन्सरकडे बघावं लागतं.”

जुना_टेस्टर

हा बग म्हणून नोंदवला असता तर कंपनीने ‘अपेक्षेप्रमाणे चालतंय’ लिहून बंद केला असता.

बंड्या_लोडिंग

ताई, जीटीएच्या सहाव्या भागात नायिका आहे ना, लुसिया. २०२३ च्या ट्रेलरमध्ये पहिल्यांदा दिसते तीच तुरुंगात. तो आला की परत धागा काढा. मी असेन.

अवली_कार्टं

पॉपकॉर्न संपले राव.